गोधडीचं पोट

चि. सई आणि चि. नील,

सई, तुझा निरोप पोचला. तुमच्या कॉलेजात फिल्मचा विषय शिकवणाऱ्या सरांनी वर्गात एक जुनी फिल्म दाखवली, तिच्यात एक गोधडी कुणाचा हात न लागता आपोआप शिवली जाते, आणि ती करणारा माणूस आपल्या औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा निघाला. ‘आजी, तू त्यांना ओळखत होतीस का? चार चांगले शब्द लिहून पाठव, आम्ही पुस्तिकेत छापू.’ नील, तू त्याखाली टाळ्या वाजवणारे हात टाकलेस.

ओळखत होते. चांगले शब्द चार भरणार नाहीत, म्हणून पुस्तिकेसाठी काही पाठवत नाही. हे फक्त तुम्हा दोघांसाठी. ज्या गोधडीला तुम्ही टाळ्या वाजवल्या ती माझ्या आईची होती, आणि त्या माणसाने ती माझ्याकडून चार दिवसांसाठी मागून नेली होती.

त्यांचं नाव तुमच्या सरांना माहीत आहे. मी लिहिणार नाही. शाळेत आम्ही त्यांना ड्रॉइंगचे सर म्हणायचो. मुली पाठीमागे ‘हलू-नका-सर’ म्हणायच्या.

‘हलू नका.’ त्यांच्या तोंडून मी ऐकलेले पहिले शब्द हेच. मी शाळेत नवीन होते, इंग्रजी शिकवायला लागून आठवडाही झाला नव्हता. त्यांच्या वर्गाचा हजेरीचा कॅटलॉग चुकून माझ्याकडे आला होता, तो द्यायला गेले. चित्रकलेच्या वर्गात खिडक्यांना काळे कागद लावलेले. टेबलावर काळं कापड, त्यावर ज्वारीचे दाणे, आणि वर, उभ्या केलेल्या लोखंडी खाटेच्या चौकटीला दोरीने बांधलेला कॅमेरा, तोंड खाली करून. दोन दिवे. सर गुडघ्यांवर बसलेले. मान वर न करता त्यांनी हात उचलला आणि म्हणाले, ‘हलू नका.’

माझा एक पाय आत, एक बाहेर. ते चिमट्याने एक दाणा जरासा सरकवायचे, कॅमेऱ्याचं बटण दाबायचे, मग दुसरा दाणा. घंटा झाली.

‘सर, माझा तास आहे.’

‘तुम्ही हलला की फरशी हलंल. फरशी हलली की दाणे हलतील. मंग सकाळपासून पुन्हा. येता का उद्या सकाळी माझ्या जागी?’

बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘झालं. जावा.’ ‘माफ करा’ नाही, ‘थांबलात, बरं झालं’ नाही. कॅटलॉग मीच खिडकीत ठेवला आणि वर्गावर गेले, तर मुलींनी माझ्याशिवाय हजेरी घेऊन टाकली होती.

तुम्हाला हे काम कसं असतं ते माहीत असेल, तरी सांगते. सेकंदभर काही हलताना दिसायचं तर चोवीस चित्रं लागतात. ते प्रत्येक चित्र हाताने मांडायचे. पुढचं मांडायला आधीचं मोडावं लागतं. त्यामुळे त्यांच्या टेबलावर कधीच काही जसंच्या तसं उरत नसे. त्या ज्वारीची माणसं झाली, माणसांची रांग झाली, रांगेचा तराजू झाला. शेवटी त्यांनी खिडकी उघडली आणि खऱ्या चिमण्यांना ते सगळं खाऊ दिलं, आणि तेही फिल्मवर घेतलं. असं तेव्हा आपल्याकडे कुणी करत नव्हतं, हे तुमच्या सरांचं म्हणणं खरं असणार. मी नाकारत नाही.

ते लासूर स्टेशनचे. वडील तिथल्या बाजारात मापाडी, धान्य मोजायचे. आई काय करते ते मी कधी विचारलं नाही. मुंबईला चित्रकला शिकले आणि तिथेच एका सरकारी खात्यात चित्रं काढायला लागले. पाणी उकळून प्या, डबकी साठू देऊ नका, अशा फिल्मांसाठी. नोकरी का सोडली असं स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं. ‘दोन वर्षं डास काढले. तिसऱ्या वर्षी म्हणले, आता माशी काढा. मी गाडीत बसलो.’ गुलमंडीतल्या एका फोटोवाल्याकडून जुना कॅमेरा घेतला. रीळ धुवायला मुंबईला जायचं आणि यायला दीड महिना लागायचा. तोपर्यंत काय उमटलंय ते त्यांनाही ठाऊक नसायचं.

दुसरी फिल्म त्यांनी कॅमेऱ्याशिवाय केली. थिएटरवाल्याने टाकून दिलेली रिळं सोड्याच्या पाण्यात धुतली, काळ्या शाईने रंगवली आणि त्यांवर टोकदार वस्तूने ओरखडून चित्रं काढली. टोकदार वस्तू म्हणजे शाळेतल्या मुलींची करकटकं. सहामाही परीक्षेच्या दिवशी एका वर्गातल्या एकीलाही वर्तुळ काढता येईना. गणिताच्या बाई स्टाफरूममध्ये रडल्या. सर चहा पीत होते. म्हणाले, ‘वर्तुळ हातानं काढावं. करकटकानं कुणीबी काढतंय.’

ही फिल्म त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये दाखवली. पांढऱ्या रेघा थरथरत आल्या, थरथरत गेल्या. मुली खिदळल्या. आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, त्यांनी शांतपणे विचारलं, ‘सर, यात गोष्ट कुठं आहे?’

‘तुमच्यासमोरून गेली की, बाई. तुम्ही पेढा खात व्हता.’

मोठ्या बाई हे कधीच विसरल्या नाहीत. पुढे त्याच फिल्मला परदेशातून मानपत्र आलं. आम्ही अभिनंदन करायला गेलो तर सर त्याच्या मागच्या बाजूवर रंग कालवत होते. ‘कागद चांगला हाय,’ म्हणाले.

त्यांना शुद्ध बोलता येत होतं. मुलींशी बोलत. माझ्याशी मात्र मुद्दाम शुद्ध बोलत नसत. मला ‘इंग्लिशबाई’ म्हणायचे, तेही सगळ्यांसमोर. माणसांपेक्षा त्यांना वस्तूंची ओढ जास्त. तुमच्या आजोबांचं भिंग नेलं, ते परत आलं नाही. माझ्या शिलाई मशीनचा दिवा नेला, तोही नाही. मागताना ओशाळणं त्यांना ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट इथे लिहिली पाहिजे, नाहीतर हे पत्र खोटं होईल. स्टाफरूममध्ये त्यांचा कप वेगळ्या खुंटीवर टांगणारी दोन माणसं होती. कारण त्यांची जात. माझं त्यांच्याशी वैर होतं ते त्यामुळे नव्हे. पण त्या दोघांना मी कधी काही बोललेही नाही.

आता गोधडी. आमचं गाव खुलताबादच्या खाली, तुम्ही पाहिलेलं नाही. घरची जमीन, माणसांचा राबता. आई गेली तेव्हा तिच्या वस्तूंतून मी ही एकच मागून घेतली. तिच्यात वडिलांची धोतरं होती, आईची लाल काठाची इरकल होती, माझा शाळेचा निळा फ्रॉक होता. तुमचे बाबा तिच्यावर रांगायला शिकले. कुणीही विचारलं की मी सांगायचे, माझ्या आईने शिवली.

एकदा सर घरी आले होते, आणखी काहीतरी मागायला. गोधडी खाटेवर होती. त्यांनी तिच्यावर तळवा फिरवला. कोपरा उलटा करून पाहिला.

‘कुणी शिवली ही?’

‘माझ्या आईने.’

‘सगळी?’

‘सगळी.’

माझ्याकडे त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. ‘चार दिवस द्या. फिल्म करतो हिची.’

मला अभिमान वाटला. हे कबूल करायला हवं. मी ती जुन्या साडीत गुंडाळून दिली आणि बजावलं, ‘डाग पडता कामा नये.’

‘डाग नाय पडणार.’

डाग पडला नाही, हे खरं.

चार दिवसांचे अकरा आठवडे झाले. विचारलं की ‘चालू हाय’. मेच्या सुट्टीत शाळा बंद होती, पण सर वर्गात असणार हे ठाऊक होतं. एका सकाळी मी रिक्षा करून गेले. दार ढकललं.

वर्गभर दोऱ्या बांधलेल्या. त्यांवर चिमट्यांनी तुकडे लावलेले, धुतलेले, इस्त्री केलेले. माझ्या फ्रॉकचा निळा तुकडा दारापाशीच होता. टेबलावर गोधडीची फक्त कड उरली होती, चौकटीसारखी. मध्ये काळं कापड दिसत होतं. सरांच्या हातात सुई होती. तिच्या टोकाने त्यांनी एक टाका उचलला, दोरा ओढला, बटण दाबलं. मग माझी चाहूल लागून हात वर केला.

‘हलू नका.’

आणि मी हलले नाही. याचा मला आजही राग येतो. त्यांच्यापेक्षा माझा जास्त. त्यांनी आणखी तीन टाके काढले आणि मी दारात उभी राहून ते पाहिले.

‘हे काय केलंत तुम्ही?’

‘उसवली.’

‘ती माझ्या आईची होती.’

‘बाई, माझं काम तुम्ही बघितलंय. ज्वारी बघितली. या टेबलावरनं काय तसंच्या तसं उठलंय आजवर?’ मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. ‘त्याला उलटा टांगलाय. रीळ शेवटाकडनं दाखवायचं. पडद्यावर उसवल्याली दिसणार नाय. शिवताना दिसंल, जशी शिवली तशी. असं कुणी बघितलंय का कधी? अख्खी गोधडी शिवताना?’

त्यांचा चेहरा अगदी उजळला होता. समोरच्या बाईचं काय गेलंय हे त्यांना दिसतच नव्हतं. मी विचार केला, गोधडी तर गेली. निदान आईचं नाव राहू दे.

‘माझ्या आईचं नाव घालायचं. सुरुवातीला. मोठ्या अक्षरात.’

ते उठले. कपाटातून तीन पुड्या आणल्या आणि टेबलावर उघडल्या. तिन्हींत उसवलेला दोरा होता.

‘हिच्यात तिघींचे हात हायेत, बाई. ही एक, डावखुरी. टाका उलटा तिरपा पडतोय तिचा. ही दुसरी, लांब लांब टाके, घाई हाय तिला. घरी तान्हं लेकरू असंल. या दोघींनी कडेपासनं आतपर्यंत आणली. आन् ही तिसरी.’

तिसऱ्या पुडीत हातभर दोरा होता.

‘हे पोटाचे टाके. हे तुमच्या आईचे.’

पोट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे गोधडी कडेपासून शिवत शिवत आत आणतात. अगदी मध्ये वीतभर जागा उरली की तिच्यात ज्वारीचे पाच दाणे घालून वर टाके घालतात. गोधडी उपाशी राहू नये म्हणून. याला पोट भरणं म्हणतात. ते घरच्या बाईने करायचं असतं.

‘माझी आई दुसऱ्यांच्या गोधड्या शिवत फिरली,’ सर म्हणाले. ‘लासूरपासनं पार खुलताबादच्या डोंगरापर्यंत. महिना महिना वाकून. पोट भरायची वेळ झाली का मालकीण उठून यायची, दाणे टाकायची, चार टाके मारायची. मंग गोधडी तिची. मी बघितलंय.’

‘म्हणजे तुम्ही सूड घेतलात माझ्यावर?’

‘तुमच्यावर कामून? तुम्ही मला इचारलंत का कधी, माझी आई काय करती?’

‘ही तुमच्या आईने शिवली होती का?’

‘नाय. तिचा टाका मला अंधारात बी कळंल. ह्या दुसऱ्याच दोघी. त्यांची नावं सांगा.’

मी म्हणाले, ‘आमच्याकडे सगळं आईच करायची.’

ते खोटं होतं, आणि बोलतानाच मला कळलं की खोटं आहे. उन्हाळ्यात गोठ्याच्या सावलीत दोन बायका समोरासमोर बसलेल्या असायच्या, मध्ये कापड पसरलेलं. मी शाळेतून येताना त्यांच्या बाजूने जायची. त्यातल्या एकीचा डावा हात वर-खाली होताना मी पाहिलेला होता. पाहिलेला होता आणि इतकी वर्षं ‘आईने शिवली’ म्हणत होते.

सरांनी पुड्या बांधल्या. ‘टाकतो तुमच्या आईचं नाव. तीन ओळी करतो. दोन नावं तुम्ही आणा.’

तेव्हा माझी काकू जिवंत होती. बसने तासाभरावर. तिला विचारलं असतं तर दोन्ही नावं मिळाली असती. मी गेले नाही. गेले असते तर आईच्या नावाला तिसरा हिस्सा आला असता, आणि तोही दोऱ्याच्या मानाने जास्तच ठरला असता.

मी दुसरंच केलं. शाळा उघडल्यावर मोठ्या बाईंना तक्रार लिहिली, इंग्रजीत, टाइप करून, दोन प्रतींत. शाळेची खोली, शाळेची वीज, करकटकं, शिक्षकांच्या घरच्या वस्तू. एक शब्द त्यात खोटा नव्हता. मोठ्या बाई पेढ्याची गोष्ट विसरल्या नव्हत्या. आठवड्यात सरांकडून वर्गाची किल्ली काढून घेतली. खाटेची चौकट शिपायाने मैदानात नेऊन टाकली आणि ती पावसाळाभर तिथेच गंजली. गोधडीची फिल्म तोवर पुरी झाली होती. त्यानंतर त्यांनी आपल्या राहत्या पत्र्याच्या खोलीत दोन-तीन लहान फिल्मा केल्या म्हणतात. टेबलावरची, दाण्यांची, दोऱ्यांची एकही नाही. त्यांना एक न हलणारी फरशी लागायची. ती त्यांना पुन्हा मिळाली नाही.

सई, तुझ्या सरांनी वर्गात विचारलं म्हणालीस की हा माणूस इतक्या लवकर का थांबला. एक कारण मी आहे.

किल्ली गेली त्या संध्याकाळी ते आमच्या दारात आले. हातात बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा. आत या म्हटलं नाही, ते आलेही नाहीत. ‘तुमचं सामान,’ म्हणाले आणि उंबऱ्यावर ठेवून गेले. मला वाटलं, चिंध्या आणून टाकल्या. मी डबा न उघडता कपाटावर ठेवला.

पुढे सहा वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये बसलो आणि एक शब्द बोललो नाही. फक्त एकदा, व्हरांड्यात ते कॅमेरा घेऊन खांबांच्या सावल्यांसमोर बसले होते. मला पलीकडे जायचं होतं. मी थबकले. त्यांनी कॅमेरा खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि मी जाईपर्यंत ते भिंतीकडे पाहत राहिले. ‘हलू नका’ म्हणाले नाहीत. त्यांनी ते न म्हणणं मला आवडलं नाही, एवढं आठवतं.

निवृत्तीनंतर ते लासूरला गेले. तिथेच वारले. पेपरात चार ओळी होत्या. परदेशातली काही माणसं येऊन रिळं घेऊन गेली, असं नंतर कळलं. मी भेटायला गेले नाही.

तुझा निरोप आल्यावर मी घरकामाला येणाऱ्या सुनीताला स्टुलावर चढवून डबा खाली काढला. ‘काय हाय आजी यात, लई हलका हाय,’ ती म्हणाली.

तुकडे होते. इस्त्री केलेले, एकावर एक. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नंबर. मी मोजले, एकशे बारा भरले. सोबत घडी केलेला मोठा कागद. त्यावर अख्खी गोधडी आखलेली, कोणता नंबर कुठे बसतो ते दाखवून, आणि डावखुरीचे टाके कुठून कुठपर्यंत, घाईवालीचे कुठून कुठपर्यंत, हे दोन रंगांत. म्हणजे कुणालाही बसून ती पुन्हा शिवता आली असती. दोऱ्याच्या तिन्ही पुड्या. कागदाच्या एका लहान पुडीत ज्वारीचं पीठ झालेलं, कीड लागून.

सगळ्यात खाली एक काळं कार्ड होतं, फिल्मच्या सुरुवातीला दाखवतात तसं. पांढऱ्या रंगात, फार सुंदर अक्षरात माझ्या आईचं पूर्ण नाव. त्याखाली दोन ओळी आखलेल्या, रिकाम्या.

त्याच दिवशी मी खुलताबादला माझ्या चुलतबहिणीला फोन केला. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, त्या घरातली आता तेवढीच उरली आहे. विचारलं, गोधड्या शिवायला यायच्या त्या कोण गं?

‘डावखुरी व्हय? सोनाबाई. लई हसायची ती.’

‘आणि दुसरी?’

‘दुसरीचं नाय बाई आठवत.’

‘तिला काय म्हणून हाक मारायचो आपण?’

‘हाक कुठं मारायचो. “ए” म्हणायचो.’

तू पाठवलेली फिल्म मी दोनदा पाहिली. पहिल्यांदा माझा निळा फ्रॉक कुठे येतो ते पाहायला. दुसऱ्यांदा तो कागद समोर ठेवून. डावखुरीचा टाका उलटा तिरपा पडतो. एकदा कळल्यावर तो दिसत राहतो, जवळजवळ निम्म्या गोधडीभर. शेवटी पाच दाणे घरंगळत आत येतात आणि वरचं कापड मिटतं. मग अंधार. नाव कुणाचंच नाही.

मी त्यांना माफ केलेलं नाही. चार दिवस म्हणाले होते, आणि काय करणार ते सांगायला हवं होतं. हे माझं मत कायम आहे.

सई, तुझ्या सरांना या पत्रातलं काय सांगायचं ते तू ठरव. कार्डाचा फोटो वेगळा पाठवते. दुसऱ्या ओळीत मी शाईने सोनाबाईंचं नाव लिहिलं आहे. माझं अक्षर वळणदार आहे असं सगळे म्हणतात, पण ड्रॉइंगच्या सरांच्या अक्षराखाली ते फळ्यावरचं दिसतं.

गोधडी नाही. तीन मिनिटं चाळीस सेकंदांची फिल्म आहे, एकशे बारा तुकडे आहेत, ते कुठे बसतात त्याचा कागद आहे, आणि एक कार्ड आहे. त्याची तिसरी ओळ रिकामी आहे.

तुमची,
आजी